आतलं कापड

घर झाडायचं यंत्र मी पहिल्यांदा पाहिलं ते पिंपरीला, कारखान्याच्या कॉलनीत, एका साहेबांच्या बंगल्याच्या मागच्या व्हरांड्यात. असं काही असतं हे त्याआधी मला ठाऊक नव्हतं. पण घरच्या बाईंनी, म्हणजे साहेबांच्या पत्नीने, विचारलं, "असलं कधी उघडलंयस का?" तेव्हा मी म्हणालो, "पुण्यात असताना बरीच उघडलीत." पुण्यात मी रास्ता पेठेत मोटर-वाइंडिंगच्या एका दुकानात शिकलो. तिथं पंखे यायचे, विहिरीवरचे पंप यायचे, पिठाच्या गिरणीची मोटर यायची. घर झाडायचं यंत्र कधी आलं नाही. खोटं बोलायला सुरुवात इथून झाली, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढचं लिहिताना मला पळवाट उरणार नाही.

पन्नासच्या दशकातला मधला काळ. कारखाना नुकताच सुरू झाला होता आणि मी तिथल्या मेन्टेनन्स खात्यात टेम्पररी वायरमन होतो. मूळचा पारनेरकडचा. कॉलनीत क्वार्टर मिळायची ती पर्मनंट झाल्यावर, तोवर गावात खोली बघायची. मला मिळाली ती एका शेतकरी कुटुंबाकडे. त्यांचं रान कारखान्यात गेलं होतं, आणि गोठ्याच्या कडेला त्यांनी पत्र्याच्या खोल्या काढून आमच्यासारख्यांना भाड्याने दिल्या होत्या. घरात एक म्हातारी, तिची विधवा सून आणि सुनेचा लहान मुलगा. म्हातारीला मी मावशी म्हणायचो, सुनेला वहिनी. नावं लिहीत नाही. त्यांना ते आवडणार नाही, आणि मला तो हक्क नाही.

मावशीचा माझ्यावर जीव होता. खोलीच्या भाड्यात जेवण धरलेलं नव्हतं, तरी संध्याकाळी सायकल लावतोय तोवर आतून हाक यायची, "वायरमन, ताट घ्या, निवतंय." सगळे मला वायरमनच म्हणायचे. वहिनी "वायरमन भावजी" म्हणायच्या.

वहिनी साहेबांच्या बंगल्यावर कामाला जायच्या. झाडलोट, भांडी, वरचं काम. पण सगळं घर डोळे लावून बसलं होतं ते वेगळ्याच गोष्टीकडे. कारखान्याच्या पॅकिंग खात्यात बायकांना घेणार, अशी गावात बोलवा होती. साहेब वहिनींना म्हणाले होते की यादी निघेल तेव्हा तुमचं नाव मी सुचवीन. साहेब शब्दाचा माणूस होता, त्यामुळे काम झाल्यातच जमा होतं. मावशी तर वेशीत कुणी भेटलं की सांगायची, "आमच्या रानात कारखाना हुबा ऱ्हायला, आन् आमच्यातलं येक बी मानूस आत जाया नगं का? आता जाईल आमची." त्या कुटुंबाला ते पगारापेक्षा मोठं काहीतरी होतं. आपल्याच जमिनीवर फाटकातून आत जायचं, बाहेर उभं राहायचं नाही, असं काहीतरी.

यंत्र नीट ओढत नाही अशी बाईंची तक्रार सुरू झाली, तेव्हा वहिनीच म्हणाल्या, "आमच्या खोलीत येक वायरमन हाय, लई गुनी." म्हणून मी तिथं गेलो. त्यांच्या शब्दावर.

साहेबांनी ते विलायतेहून परत येताना आणलं होतं. आडव्या ठेवलेल्या दुधाच्या कॅनसारखं लांबट, करड्या रंगाचं, खाली घसरायला दोन पट्ट्या. पुढे कापडाने विणलेली लांब नळी. वहिनी तिला सोंड म्हणायच्या. साहेबांच्या बैठकीत गालिचा होता आणि केरसुणीने तो नीट झाडला जात नाही, म्हणून हे यंत्र. साध्या फरशीवर मात्र केरसुणीच चालायची.

मी जुनं वर्तमानपत्र अंथरलं आणि उघडायला बसलो. आमच्या दुकानातल्या उस्तादांची शिस्त अशी होती की जे पहिल्यांदा निघेल ते डावीकडे ठेवायचं, त्याच्या उजवीकडे पुढचं, अशी रांग लावत जायचं आणि बसवताना उजवीकडून परत यायचं. रांगेतला एखादा भाग उचलून कुठे नेला, तर तो जागेवर येईपर्यंत दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही. पंप असो की पंखा, मी हे मोडलं नव्हतं. अनोळखी यंत्र उघडताना तर ही रांगच आपली अक्कल असते.

पुढचं झाकण चापाने निघालं. आत कापडी पिशवी, केस, गालिच्याचे धागे, सुपारीची खांडं, दोन-चार तांदूळ आणि बाईंची एक केसातली पिन असं सगळं तिच्या पोटात. पिशवीच्या मागे तारेच्या कड्यावर ताणून बसवलेलं एक गोल कापड होतं. आणि त्याच्या मागे मोटर. मोटर स्वच्छ होती. कार्बन, म्हणजे मोटरला वीज पोचवणारे लहान ठोकळे, चांगले होते, बेअरिंग हाताने फिरवलं तर लोण्यासारखं फिरत होतं. मला लगेच कळलं की दुखणं त्या गोल कापडात आहे. पिशवीतून जी बारीक धूळ निसटते ती अडवायला ते होतं, आणि अडवून अडवून ते आता पत्र्यासारखं घट्ट झालं होतं. हवा जाणार कुठून?

इथवर सगळं बरोबर होतं. ते नुसतं झटकायला हवं होतं. फार तर मऊ ब्रशने घासायला हवं होतं. पण आपल्याकडे कापड म्हटलं की ते धुवायचं, आणि धुवायचं म्हटलं की आपटायचं. मी ते कड्यासकट उचललं, मागच्या अंगणातल्या धुण्याच्या दगडावर नेलं, साबणाची वडी फिरवली आणि आपटलं. तिसऱ्या-चौथ्या वेळी हातात तारेचं कडं राहिलं आणि कापडाच्या चिंध्या दगडावर.

वहिनी तेव्हा बाजाराला गेल्या होत्या. बाई आत होत्या. कुणीही पाहिलं नाही. मी चिंध्या गोळा केल्या, कडं वाकवून लहान केलं आणि सगळं खिशात घातलं. सदरा पोटापाशी ओला झाला, एवढं आठवतं. परत येऊन रांगेसमोर बसलो. रांगेत एक जागा रिकामी होती.

बाई दारात आल्या. "झालं का रे?"

"झालंच," मी म्हणालो.

त्या क्षणी सांगता आलं असतं. बाई तडतड्या होत्या पण वाईट नव्हत्या. फार तर म्हणाल्या असत्या, पुण्यात बरीच उघडली होतीस ना? तेवढं एक वाक्य ऐकायची माझी तयारी नव्हती. मी पिशवी बसवली, झाकण लावलं, बटण दाबलं.

यंत्राने असं ओढलं की नळीच्या तोंडाला वर्तमानपत्र चिकटून फडफडायला लागलं. ओढणारच. मध्ये अडवायला काही उरलंच नव्हतं. बाई खूश झाल्या. वहिनी बाजारातून आल्या, त्यांनी सोंड हातात घेतली आणि म्हणाल्या, "ग बया, ह्ये तर आता सतरंजीबी गिळतंय." बाई म्हणाल्या, "सतरंजीचं राहू दे, आधी तुझा पदर सांभाळ." दोघी हसल्या. मीही हसलो.

संध्याकाळी साहेब घरी आल्यावर बाईंनी त्यांना लावून दाखवलं. साहेब इंजिनियर होते, आमच्यासारख्यांनाही अहो-जाहो करायचे. "नव्यापेक्षा चांगलं ओढतंय," ते म्हणाले. "तुमचा हात चांगला आहे. पर्मनंट व्हायचे आहात ना अजून?" मी मान हलवली. ते म्हणाले, "बघू."

माझ्या आयुष्यातली पहिली शाबासकी ही अशी, एक भाग कमी बसवल्याबद्दल मिळालेली.

रविवारी पुण्याला जाऊन तसं कापड शोधायचं, आणि पुन्हा एकदा तपासतो म्हणून गुपचूप बसवायचं, असं मी ठरवलं होतं. पहिला रविवार ओव्हरटाइममध्ये गेला. पुढच्या रविवारी पुण्याला गेलो आणि सिनेमा बघून आलो. मग यंत्र चालतंयच म्हटल्यावर ती गोष्ट मागे पडली. विसरलो असं म्हणणार नाही. वहिनी बंगल्यावरून आल्या की मी विचारायचो, "सोंड बरी आहे ना?" त्या म्हणायच्या, "झ्याक." एवढ्यावर माझं समाधान व्हायचं.

दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी साहेबांकडे मोठे पाहुणे यायचे होते, साहेबांचेही साहेब. बाईंनी पुढच्या व्हरांड्यात भली मोठी रांगोळी काढली होती, रंग भरलेली. शेजारच्या बंगल्यातली मुलं फुलबाज्या घेऊन तिच्यातून धावली. रांगोळी विसकटली, पायांनी बैठकीपर्यंत गेली, आणि पाहुणे यायची वेळ झाली. आता झाडायचं कसं? नवी केरसुणी हळदकुंकू लावून पूजेच्या पाटावर ठेवलेली. जुनीला हात लावायचा तरी लक्ष्मीपूजन झाल्यावर त्या रात्री घर झाडायचं नसतं, लक्ष्मी बाहेर जाते. तुमच्याआमच्या घरात हे सांगावं लागत नाही. तेव्हा बाई म्हणाल्या, "अगं, मशीन लाव. ते काही केरसुणी नाही."

आणि वहिनींनी लावलं. गालिच्यावर, बैठकीत, मग व्हरांडाभर. रांगोळी म्हणजे शिरगोळ्याची पूड, दगडाचं पीठ. पिशवीतून ती सहज पार झाली. पलीकडे तिला अडवणारं काही नव्हतं. थोड्या वेळाने जळका वास आला, आतून ठिणग्या दिसल्या आणि यंत्र थांबलं.

हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. साहेबांनी बोलावलं होतं. त्याच व्हरांड्यात मी पुन्हा वर्तमानपत्र अंथरलं. या वेळी साहेब स्वतः खुर्ची घेऊन समोर बसले. मागे बाई उभ्या, आणि दाराच्या चौकटीला टेकून वहिनी. सणाची नवी साडी त्यांच्या अंगावर होती.

मी उघडत गेलो. आतल्या सगळ्यावर गुलाबी-हिरवी भुकटी बसली होती. बेअरिंगमधल्या तेलात मिसळून तिची पेंड झाली होती. कार्बन झिजून संपले होते, आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरता गाभा, काळं ठिक्कर पडलं होतं. हात लावायच्या आधीच मला माहीत होतं की हे आता दुरुस्त होणार नाही. निदान माझ्याकडून नाही.

बाईच आधी बोलल्या. "मशीन लावायला मीच सांगितलं होतं हं. तिला बोलू नका."

साहेब म्हणाले, "रांगोळीचं मी काही म्हणतच नाही. पण पूड मोटरपर्यंत गेली कशी? पिशवीच्या मागे एक गोल कापड असतं. विकणाऱ्याने मला काढून दाखवलं होतं. ते कुठे आहे?" आणि माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही उघडलं होतंत तेव्हा होतं ना?"

पर्मनंट करायच्या माणसांची नावं त्याच महिन्यात वर जायची होती. ती साहेबांच्या सहीने जायची होती. हे मी सबब म्हणून सांगत नाही. त्या वेळी माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं म्हणून सांगतो.

"होतं साहेब," मी म्हणालो. "मी साफ करून बसवलं होतं."

"मग?"

"पिशवी दर आठवड्याला बाहेर नेऊन झटकतात. तिच्याबरोबर निघून आलं असेल."

असेल म्हणालो. आलं म्हणालो नाही. त्या एका 'असेल'च्या आडोशाला मी पुढे बरीच वर्षं उभा राहिलो. पण साहेबांनी वहिनींकडे मान वळवली, तेव्हा 'असेल' कुणाला ऐकूच आला नव्हता.

"पिशवी कुठे झटकता तुम्ही?"

"मागं, खड्ड्यात," वहिनी म्हणाल्या.

"झटकताना गोल कापड पडलं का कधी?"

"कसलं कापड, सायेब? मी तर कवा बगितलंच न्हाई."

"बघितलं नाही, की लक्ष नव्हतं?"

वहिनी गोंधळल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पान्ह्याकडे पाहत होतो. "लक्ष व्हतं जी," त्या म्हणाल्या, "पर आता तुमी म्हंता तर... पडलं बी आसंल."

वहिनी खोटं बोलणाऱ्यातल्या असत्या तर त्यांनी ठासून नाही म्हटलं असतं. घरातल्या शिकलेल्या माणसांना आणि ओळखीच्या वायरमनला एक गोष्ट ठाऊक आहे आणि आपल्याला नाही, म्हणजे चूक आपलीच, असं त्यांनी धरलं. साहेब रागावले नाहीत. ते उठले आणि आत जाताना बाईंना हळू आवाजात म्हणाले, पण व्हरांड्यात ऐकू आलं, "पॅकिंगमध्ये सगळं काम असंच आहे. एक वस्तू जागची हलली की संपलं. तिथं हिचं नाव कसं सुचवू मी?"

मी यंत्र जोडत होतो. जळलेलं यंत्र जोडायची काही गरज नव्हती, पण माझे हात चालू होते.

त्या संध्याकाळी मावशीने ताट दिलं नाही, असं झालं नाही. दिलं. करंजीसुद्धा वाढली. आणि मग सुनेकडे वळून म्हणाली, "येक फडकं सांबाळता आलं न्हाई तुला?" वहिनी चुलीपुढे बसल्या होत्या. त्यांनी लाकूड आत सारलं. जरा वेळाने मला म्हणाल्या, "भावजी, तुमी उगाडलं व्हतं. कसं व्हतं वो ते कापड? केवढं?"

मी बोटांनी गोल करून दाखवला. "एवढं."

"पांढरं?"

"धुतल्यावर पांढरं."

दुसऱ्या दिवशी पहाटे त्या बंगल्यामागच्या खड्ड्यावर गेल्या. मी ड्यूटीवर जाताना तिथून जात होतो. वाकून काठीने कचरा उपसत होत्या, राख, भाजीची देठं, सुकलेली फुलं, फटाक्यांचे कागद. मला पाहून म्हणाल्या, "घावलं तर सायबास्नी नेऊन देती. म्हंजे त्यांना कळंल, मी लपवलं न्हाई."

सापडलं असतं तर त्यांच्या चुकीवरच शिक्कामोर्तब झालं असतं, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. माझ्या आलं होतं. त्या चिंध्या मी केव्हाच वर्कशॉपच्या भंगारात टाकल्या होत्या, हेही मला ठाऊक होतं. आणि तरी मी काय केलं, ते लिहायला मला सगळ्यांत जड जातंय. मी सायकल झाडाला टेकवली, बाह्या वर केल्या आणि त्यांच्याबरोबर शोधायला लागलो. निघून गेलो असतो तर बरं दिसलं नसतं, असं मला वाटलं. कारखान्याचा भोंगा होईपर्यंत मी खड्ड्यात हात घालून नसलेली वस्तू शोधत होतो. त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या भावजी, तुमची कापडं खराब व्हत्याल." माझ्या कपड्यांची काळजी करत होत्या.

यादी निघाली. गावातल्या बऱ्याच बायका पॅकिंगला लागल्या. सकाळी निळ्या साड्या नेसून घोळक्याने आमच्या दारावरून जायच्या, आणि मावशी तेवढ्या वेळापुरती आत जाऊन बसायची. मी पर्मनंट झालो. क्वार्टर मिळाली. खोली सोडताना मावशीने ओंजळभर तांदूळ आणि नारळ दिला, आणि म्हणाली, "तुमी तरी आत गेला, बरं झालं."

पुढे मी तळेगावच्या एका कंपनीत गेलो, तिथंच घर केलं. वहिनी दुसऱ्या बंगल्यांवर काम करत राहिल्या. मुलगा वाढला, शिकला, चिंचवडला एका कारखान्यात लागला. मी अधूनमधून जात राहिलो. का जात राहिलो? जाणं बंद केलं तर त्यांना काही वाटेल, या भीतीने असेल. आणि गेलं की आपण अजून चांगले आहोत असं वाटायचं, म्हणूनही असेल. दरवेळी चहा व्हायचा, आणि दरवेळी ती गोष्ट निघायची, कारण ती आता त्या घराची थट्टा झाली होती. कुणाची चावी सापडेना, छत्री सापडेना, तर मुलगा आईला म्हणायचा, "गेलं का परत कापड?" आणि वहिनी हसून माझ्याकडे बोट दाखवायच्या. "ह्ये साक्षीला हायेत. इचारा ह्यांना, कशी धांदरट व्हते मी." मी मान हलवायचो. इतक्या वेळा हलवली की मला आता हिशेब ठाऊक नाही.

मावशी गेली तेव्हा दहाव्याला गेलो होतो. घाटावर वहिनी शांतपणे रडत होत्या. तेव्हाही सांगितलं नाही. दहाव्याला असलं बोलायचं नसतं, अशी समजूत घालून घेतली.

गेल्या महिन्यात पुन्हा गेलो. वहिनी ओसरीवर लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांची सून अंगणात उशांचे अभ्रे झटकत होती. वहिनी तिला म्हणाल्या, "बगून झटक गं. न्हाईतर माज्यावानी व्हईल. इचार भावजींना."

मी मान हलवली नाही. या वेळी काय वेगळं झालं, ते मला नीट सांगता येत नाही. मन फार मोठं झालं होतं अशातलं काही नाही. थकलो होतो, एवढंच.

"वहिनी, ते कापड तुमच्याकडून नाही गेलं," मी म्हणालो. "मी धुताना फाटलं. मी त्याच्याशिवायच यंत्र जोडलं होतं."

त्यांनी हातातली पाकळी सोलून ताटलीत टाकली. दुसरी घेतली. मग थांबल्या.

"आमी खड्ड्यात शोधत व्हतो, तवा तुमास्नी म्हाईत व्हतं?"

"होतं."

"बरं." सुनेचे हात थांबले होते. मग वहिनी म्हणाल्या, "आत्याबाई मरस्तवर बोलत व्हत्या मला. फडकं सांबाळता आलं न्हाई, घर काय सांबाळशील, म्हनायच्या. शेवटच्या दुखण्यात बी. मी पाय चेपत बसायची आन् त्या त्येच काढायच्या." त्यांचा आवाज चढला नव्हता. "तुमी दहाव्याला आला व्हता."

"आलो होतो."

"त्यांना सांगाया पायजे व्हतं. मला आता सांगून काय?"

मी म्हणालो की माझं चुकलं. ते शब्द मी कित्येक वर्षं मनात घडवून ठेवले होते, आणि तोंडातून निघाल्यावर ते अगदीच किरकोळ वाटले. वहिनींनी पुढची पाकळी सोलायला घेतली. मी उठायला लागलो.

"बसा," त्या म्हणाल्या. "पोरगं येतंय आता शिफ्टवरनं. त्याला सांगा, तुमच्या तोंडानं. मी सांगितलं तर त्याला खरं वाटायचं न्हाई. आई आता म्हातारपनी बनवून सांगती, म्हनंल."

मी बसलो. चहा आला नाही. मागितलाही नाही. सून अभ्रे घेऊन आत गेली आणि दाराआड उभी राहिली, तिची सावली दिसत होती. वहिनी लसूण सोलत राहिल्या. संपला तेव्हा सालं पदरात गोळा करून बाहेर टाकून आल्या आणि पुन्हा जागेवर येऊन बसल्या. पळून जाईन अशी त्यांना शंका असावी. ती रास्तच होती.

मुलाची सायकल वाजली. आता त्याचेही केस कानाशी पांढरे झालेत. "काका, कधी आलात?" म्हणत तो ओसरीच्या कडेला बूट काढायला बसला. मला पाहून त्याला आनंद झाला होता. आजूबाजूला बघत आईला म्हणाला, "काय गं, आज एवढी शांतता? काही हरवलं का?"

"न्हाई," वहिनी म्हणाल्या. "ह्यांना काय सांगायचंय तुला."

मी सांगितलं. दगडावर आपटण्यापासून सगळं. बाईंना काय म्हणालो, साहेबांना काय म्हणालो, खड्ड्यात कसा उतरलो, यादी निघाली तेव्हाही कसा गप्प राहिलो. त्याला कुठे विचारावं लागू नये, इतकं सांगितलं. सुरुवात केली तेव्हा त्याचा एक बूट पायात होता. सांगून संपलं तेव्हाही तो पायातच होता.

माझ्याकडे न बघता त्याने तो काढला. मग आईकडे वळला आणि म्हणाला, "तू जेवलीस का?"

"न्हाई अजून," त्या म्हणाल्या.

"चल, मग," तो म्हणाला, आणि त्यांना हात देऊन उठवलं.